दोन चापट्या

गल्लीत त्यांना सगळे दोनचापटे म्हणत. हे काही त्यांचं आडनाव नव्हे, पण ते इतकी वर्षं चिकटलं होतं की एकदा विजेच्या बिलावरसुद्धा तेच छापून आलं आणि बदलून घ्यायचे कष्ट त्यांनी घेतले नाहीत. त्यांचं टायरचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक शटर, एक हवा भरायचं यंत्र, दोन जॅक, पंक्चर शोधायला पाण्याने भरलेली अर्धी कापलेली टाकी आणि भिंतीला टेकून उभे केलेले जुने टायर. त्यातले निम्मे कुणाचे, हे खुद्द मालकांनाही सांगता आलं नसतं.

नावामागची गोष्ट अशी. चोविसाव्या वर्षी, दुकान नवं असताना, एक गिऱ्हाईक फार गप्पिष्ट निघालं. चाक चढवता चढवता गप्पा रंगल्या. पाच नटांपैकी दोन आवळले, तीन नुसते हाताने फिरवून ठेवले होते ते तसेच राहिले. गाडी गेली. उताराच्या तळाशी भांड्यांचं दुकान होतं. तिथे आधी चाक पोचलं आणि मग, उरलेल्या तीन चाकांवर फरफटत, गाडी. माणसं वाचली, भांडी नाही वाचली. आठवडाभर त्यांना अन्न गोड लागलं नाही. आठव्या दिवशी त्यांनी कानाला खडा लावला. नट एकाआड एक आवळायचे, दोनदा आवळायचे, आणि शेवटचा नट झाला की टायरला तळहाताने दोन चापट्या मारायच्या. पहिल्या नटापासून दुसऱ्या चापटीपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही.

त्याला आता चौतीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत त्यांच्या दुकानातून गेलेलं एकही चाक निखळलं नाही, आणि त्या मधल्या दोन मिनिटांत त्यांना कुणी बोलतं करू शकलं नाही. फोन वाजून वाजून गप्प बसायचा. ओळखीचे लोक आपणहूनच वाक्य अर्ध्यात सोडायचे आणि चापट्या ऐकू आल्या की तिथून पुढे सुरू करायचे. त्यांची बायको, जिला सगळी गल्ली काकू म्हणते, एकदा धावत दुकानात आली होती. सासूबाईंना दवाखान्यात नेलं होतं. तेव्हा तीन नट बाकी होते. तीन नट झाले, दोन चापट्या झाल्या, आणि मग दोनचापटे म्हणाले, "काय झालं?" सासूबाई चार दिवसांत ठणठणीत होऊन घरी परतल्या, पण त्या तीन नटांचा विषय काकूंनी अजून मिटवलेला नाही.

एकुलती एक लेक या दुकानातच वाढली. शाळेतून आली की दप्तर एखाद्या टायरच्या भोकात टाकायची आणि स्टूल ओढून बसायची. बाराव्या वर्षी तिने पहिलं चाक एकटीने चढवलं. जीभ दातांत धरून, एक शब्द न बोलता, पाचही नट. मग दोन चापट्या. हात लहान, आवाजही लहान. दोनचापट्यांना त्या दिवशी इतका आनंद झाला की त्यांनी गिऱ्हाइकाला चहा पाजला, आणि तोही बाहेरून मागवून. त्यांना ओळखणाऱ्यांना यात काय ते कळेल.

पुढे लेक शिकली आणि शर्यतीत गाडी पळवणाऱ्या एका छोट्या संघात नोकरीला लागली. पहिली दोन वर्षं तिने नुसते टायर ओढले. गोदामातून गाडीपर्यंत, गाडीपासून गोदामापर्यंत, आणि प्रत्येकावर खडूने आकडे. घरी आली की काकू तिचे खांदे चोळून द्यायच्या आणि एवढं शिकून हेच करायचं होतं का, असं विचारायच्या. मग मागच्या महिन्यात गन चालवणारा एक जण नोकरी सोडून गेला. गन म्हणजे हवेवर चालणारं नट आवळायचं यंत्र. दोनचापट्यांच्या दुकानातही एक होतं, पण शर्यतीतली गन निराळीच. चाकाला मधोमध एकच मोठा नट, आणि तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सुटतो नि आवळला जातो.

"बाबा, या वेळी या," लेकीने फोनवर सांगितलं. "मागच्या उजव्या चाकावर मी आहे."

दोनचापट्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा सलग तीन दिवस दुकान बंद ठेवलं. शटरवर पाटी लावली, 'शर्यतीला गेलो आहे. सोमवारी भेटू.' या वयात हे स्वतःच गाडी पळवायला गेले की काय, म्हणून दोन-तीन गिऱ्हाइकांनी काळजीने काकूंना फोन केले.

तिकिटं त्यांनी स्वतः काढली आणि तिथेच घोळ झाला. खिडकीवरच्या माणसाने नकाशा पुढे सरकवला. काही बाकं पिटच्या समोरची, म्हणजे गाड्या मध्येच थांबून टायर बदलतात त्या जागेसमोरची. दुसरी लांबच्या वळणावरची. भाव एकच. कुणीही शहाणा बाप डोळे मिटून पिटसमोरची बाकं घेईल. दोनचापट्यांनी चष्मा कपाळावर चढवला, नकाशावरून बोट फिरवलं आणि लांबलचक सरळ रस्ता संपून गाडी जिथे एकदम आत वळते तिथे ते टेकवलं.

"इथली द्या. टायरची खरी परीक्षा इथे."

काकूंना हे शनिवारी सकाळी कळलं. पिशवी, छत्री, डबा आणि चहाचा थर्मास सांभाळत त्या बावीस पायऱ्या चढल्या, बाकावर टेकल्या, पदराने घाम पुसला आणि इकडे तिकडे पाहिलं.

"अहो, ते पिट कुठेय?"

दोनचापट्यांनी हात लांब केला. मैदानाच्या पार पलीकडे, झाडांच्या वर, काही पत्रे चमकत होते. काड्यापेटीएवढे.

"आणि आपली पोरगी?"

"तिथे."

"आणि आपण?"

"इथे," दोनचापटे म्हणाले, आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या तेव्हाच ध्यानात आलं.

काकूंनी थर्मास बाकावर ठेवला. मग म्हणाल्या, "तुम्ही लेकीला बघायला आलात की टायरांना?"

तेवढ्यात सरावाच्या पहिल्या गाड्या सुटल्या. आधी नुसता आवाज आला, मग बाकाची फळी खालून थरथरली, आणि मग सरळ रस्त्याच्या टोकाला एक रंगीत ठिपका दिसतो न दिसतो तोच समोर येऊन वळलाही. मागोमाग तापलेल्या रबराचा वास. दोनचापट्यांनी तो छातीभर घेतला. घरापासून इतक्या लांब, अनोळखी माणसांत बसून त्यांना एकदम दुकानात बसल्यासारखं वाटलं. काकूंनी कानात कापूस घातला आणि त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावर असं काही त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, म्हणून बाकांचा विषय त्यांनी तूर्तास बाजूला ठेवला. तूर्तास म्हणजे दुपारपर्यंत.

तासाभरात दोनचापट्यांची कळी खुलली. पुढच्या रांगेत एक टोपीवाले गृहस्थ बसले होते, गळ्यात दुर्बीण, मांडीवर वही. दरवर्षी येणारे. दोनचापटे त्यांच्या खांद्यावरून हळूच म्हणाले, "ती पिवळी बघा. डावा पुढचा टायर खाल्लाय तिने. दोन फेऱ्यांत मातीत जाईल." टोपीवाल्यांनी नवख्याकडे बघावं तसं पाहिलं. दुसऱ्या फेरीला पिवळी गाडी वळणावरून सरळ मातीत गेली. त्यानंतर टोपीवाले उलटे बसूनच सराव बघू लागले. तीन रांगांतले लोक विचारायला लागले, निळीचं काय, त्या पांढरीचं काय. दोनचापटे एकेकीची तब्येत सांगत होते आणि काकू मागून येईल त्याला शेंगदाणे देत होत्या.

लेकीच्या संघाची गाडी हिरवी. ती वळणावरून गेली की दोनचापटे गप्प बसायचे आणि मागच्या उजव्या चाकाकडे बघायचे. चाक सरळ होतं, जराही हेलकावा नाही. तेवढ्याने त्यांचं पोट भरायचं.

दुपारी एक तास प्रेक्षकांना पिट जवळून बघायला सोडतात. दोघं लगबगीने निघाली. चालत पाऊण तास लागला, आणि तो पाऊण तास काकूंनी बाकांच्या विषयाला दिला. पोचले तर गॅरेजांच्या ओळीसमोर दोरी बांधलेली आणि दोरीला लोकांची ही गर्दी. हिरवी गाडी जॅकवर उचललेली होती आणि माणसं टायर बदलायची तालीम करत होती. लेक मागच्या उजव्या चाकापाशी एका गुडघ्यावर बसली होती. डोक्यावर हेल्मेट, अंगात सगळ्यांसारखाच करडा पोशाख.

"ती बघा," काकू म्हणाल्या. "गुडघ्यावरून ओळखली."

काकू घरी शिवणकाम करतात. दर वेळी त्याच गुडघ्यावर बसून लेकीच्या पोशाखाचा उजवा गुडघा विरला होता, तिथे त्यांनी दुहेरी ठिगळ लावून दिलं होतं. कापड मिळालं ते किंचित फिकट. आपल्या हातून गेलेल्या कामात रंग चुकला म्हणून त्या दोन दिवस हळहळल्या होत्या. आज तेच ठिगळ लांबून उठून दिसत होतं.

दोनचापटे वाट काढत दोरीपाशी, अगदी चाकाजवळ पोचले. लेकीने वर पाहिलं, हेल्मेटच्या काचेतून तिचे डोळे हसले. मग कुणीतरी आकडे मोजले, गन कडाडली, चाक निघालं, दुसरं चढलं, गन पुन्हा कडाडली आणि थांबली.

गन थांबली आणि दोनचापट्यांचा हात गेला. डोक्याला न विचारताच गेला. चौतीस वर्षं नट आवळून झाल्याचा आवाज बंद पडला की जे व्हायचं ते झालं. दोरीच्या पलीकडे वाकून त्यांनी त्या टायरला खणखणीत दोन चापट्या मारल्या.

सगळे थांबले. काय झालं ते दोनचापट्यांना सगळ्यात शेवटी कळलं. टायर उन्हात तापून चांगलाच गरम झाला होता, तळहात चुरचुरत होता, आणि लेकीने मान खाली घातली होती.

गॅरेजातून एक काटकुळा माणूस बाहेर आला. गळ्यात थांबघड्याळ, कानाला पेन्सिल. हा या सगळ्यांचा प्रमुख. सगळे त्याला मुकादम म्हणत आणि त्यालाही ते आवडत असावं. तो रागावेल असं वाटलं होतं. तो टायरकडे बघत राहिला, मग दोनचापट्यांकडे.

"म्हणजे तुम्ही तिचे वडील," तो म्हणाला.

"हो. चुकलं माझं. हात..."

"हात. तेच तर." मुकादमाने घड्याळ हातात घेतलं. "काका, पोरगी सोन्यासारखी आहे. नट असा आवळते की मला पुन्हा बघावं लागत नाही. पण प्रत्येक वेळी शेवटी दोन चापट्या. इथे काम झालं की नुसता हात वर करायचा, की गाडी सुटली. ही आधी चापट्या मारते, मग हात वर करते. अर्धा सेकंद जातो. अर्ध्या सेकंदात तीन गाड्या पुढे निघून जातात. महिनाभर सांगतोय. काल सहा वेळा तालीम झाली, त्यात चार वेळा मारल्याच."

दोनचापट्यांनी चुरचुरणारा हात पाठीमागे घेतला.

"उद्या तिची पहिली शर्यत," मुकादम म्हणाला. त्याचा आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. "उद्याही हात गेला, तर मला तिला पुन्हा टायर ओढायला लावावं लागेल. माझाही नाइलाज आहे. मला वाटायचं ही खोड हिला लागली तरी कुठून. आज कळलं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. परत येताना दोनचापटे इतके गप्प होते की काकूंनी बाकांचा विषयही काढला नाही. आयुष्यात त्यांनी पोरीला फार काही दिलं नव्हतं. शिकली ती स्वतःच्या डोक्याने, नोकरी मिळवली स्वतःच्या हिमतीवर. त्यांच्या हातचं तिच्याकडे काय होतं, तर त्या दोन चापट्या. आणि नेमकं तेच तिच्या वाटेत आडवं आलं होतं. याचं त्यांना फार वाईट वाटलं. चूक कबूल करून दुरुस्त करता येते, पण ही चूकसुद्धा नव्हती. त्यांना चौतीस वर्षांत सुचलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम होतं ते.

दिवेलागणीला लॉजच्या खोलीतून त्यांनी लेकीला फोन लावला.

"बाळा, उद्या त्या चापट्या नको मारूस."

"मला माहितीये, बाबा."

"माझ्या दुकानात ते ठीक आहे. तिथे नाही. तू विसरून जा, मी काय शिकवलं ते."

मग लेक म्हणाली, "मला नका सांगू, बाबा. माझ्या हाताला सांगा. मी रोज सांगते, तो ऐकतच नाही." आणि हसली. पण ते हसणं कसं होतं ते बापाला कळलं.

फोन ठेवल्यावर दोनचापटे आपल्या उजव्या हाताकडे बघत बसले. काकूंनी तळहाताला मलम लावून दिलं.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण ती नुसती तुमची नाहीये. माझीपण आहे. मी एकदा ठरवलं की करते."

रविवारी उन्हाचा कडाका होता. बाकं गच्च भरली होती, कालच्या तीन रांगांनी दोनचापट्यांसाठी जागा राखून ठेवली होती आणि टोपीवाल्यांनी त्यांना चक्क आपली दुर्बीण देऊ केली. वळणाच्या बाहेरच्या बाजूला एक मोठा पडदा होता. सगळ्या मैदानावर चाललेलं त्यावर दिसे, पण दाखवणारा दाखवील तेच. आणि दाखवणाऱ्याला पुढे असलेल्या गाड्यांतच रस असतो. हिरवी गाडी आठव्या नंबरावर होती. आठव्या नंबराच्या गाडीचं मागचं उजवं चाक कोण कशाला दाखवतंय?

शर्यत तीस फेऱ्यांची, आणि मध्ये प्रत्येकीने एकदा पिटमध्ये थांबायचंच. शर्यत सुटली. पहिल्या वळणावर दोन गाड्या एकमेकींना घासल्या, लोक उभे राहिले, काकू तर बाकावरच चढल्या आणि "अरे सांभाळा, सांभाळा" म्हणून त्या दोघा अनोळखी चालकांना ओरडल्या. दोनचापटे मात्र उजवा हात मांडीखाली दाबून बसले होते. कुणी टायरांबद्दल विचारलं तर सांगत होते, पण लक्ष नव्हतं.

"हाताला काय झालं?" टोपीवाल्यांनी विचारलं.

"काही नाही. शिस्त लावतोय."

तेरावी फेरी. पहिल्या नंबराची लाल गाडी पिटमध्ये वळली, आणि हिरवीही वळली. लाऊडस्पीकरवाला लाल गाडीचंच नाव घेत ओरडत होता. पडद्यावर लाल गाडी आली, तिच्याभोवती तिची माणसं धावली. दोनचापट्यांनी मान उंच केली. आता तिकडे होणार आणि आपल्याला ते कधीच दिसणार नाही.

"अहो, तो कोपरा बघा!" काकूंनी त्यांचा दंड धरला. "डावीकडे खाली! माझं ठिगळ!"

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, लाल गाडीच्या मागे, हिरव्या गाडीचा मागचा भाग दिसत होता. करड्या पोशाखातली चार माणसं, सगळी सारखी. आणि एका गुडघ्यावर फिकट चौकोन. गुडघा जमिनीला टेकलेला, गन चाकात. चाक सुटलं. कुणीतरी मध्ये आलं, काही दिसेना. तो बाजूला झाला तेव्हा नवं चाक चढलेलं होतं आणि गन नटावर होती. मग गन निघाली.

लेकीचा डावा हात रिकामा होता. तो टायरकडे निघाला. दोनचापट्यांनी तो निघताना पाहिला. तळहात उघडलेला, बोटं जुळलेली, अगदी त्यांच्यासारखीच. "नको, नको, नको," ते म्हणत होते, आणि आपण मोठ्याने बोलतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. टायरपासून वीतभर अलीकडे तो हात वळला आणि सरळ वर गेला.

हिरवी गाडी सुटली. लाल अजून जागेवरच होती.

दोनचापट्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्याच क्षणी मांडीखालचा हात सुटला. दोन चापट्या पडल्याच. टोपीवाल्यांच्या पाठीवर. टोपी पुढे जाऊन पडली.

"माफ करा हां," दोनचापटे म्हणाले. "माफ करा. ती माझी मुलगी."

टोपीवाल्यांनी टोपी उचलली, झटकली, आणि पाठ चोळत चोळत त्यांच्याशी हात मिळवला.

काकू डोळे पुसत होत्या. "नाही मारल्या तिने," दोनचापटे त्यांना म्हणाले.

"हेच हवं होतं ना तुम्हाला?"

"हो."

"मग असा चेहरा का?"

"काही नाही. झालं ते चांगलंच झालं."

आणि खरोखरच चांगलं झालं होतं. उरलेल्या सतरा फेऱ्या त्यांनी मनापासून बघितल्या, उकडलेली अंडी खाल्ली, निळ्या गाडीचा टायर फुटेल असं सांगितलं आणि तो फुटला नाही तेव्हा स्वतःच हसले. हिरवी गाडी सहावी आली. त्यांना आनंद झाला होता, अभिमानही वाटत होता, आणि त्याच्या तळाशी कुठेतरी जरासं रितं रितं वाटत होतं. बाराव्या वर्षीचा तो लहान आवाज आता कुठे ऐकू येणार नव्हता. पोरं मोठी होतात ती अशीच, त्यांनी स्वतःला समजावलं. मग घोटभर चहा घेतला.

संध्याकाळी गाड्या लावायच्या मैदानात नुसती धूळ होती. सगळे एकदमच निघाले होते आणि कुणीच हलत नव्हतं. दोनचापट्यांची जुनी व्हॅन एका कुंपणाला लागून उभी होती. लांबचा पल्ला असला की निघायच्या आधी चारही चाकं आवळायची, हा त्यांचा नियम. ते पाना काढतात न काढतात तोच गाड्यांच्या रांगांमधून लेक येताना दिसली. पोशाखाच्या बाह्या कमरेला बांधलेल्या, कपाळावर हेल्मेटचा वळ, नाकाच्या शेंड्यावर काळं.

"सहावे आलो! आणि मुकादम म्हणाले, पुढच्या शर्यतीलाही चाक माझंच."

काकूंनी तिला जवळ ओढून आधी नाक पुसलं. दोनचापट्यांना बरंच काही बोलायचं होतं, पण ते म्हणाले एवढंच, "कोपऱ्यात दिसलीस. पडद्यावर."

"हात निघालाच होता, बाबा."

"पाहिलं मी."

"कसाबसा वळवला. पुढच्या वेळी निघणारही नाही बहुतेक." ती त्यांच्याकडे बघत होती. मग तिने त्यांच्या हातातला पाना घेतला. "द्या इकडे. तुमचा तळहात भाजलाय ना? आई म्हणाली फोनवर."

ती मागच्या उजव्या चाकापाशी गेली आणि ठिगळाच्या गुडघ्यावर बसली. पहिला नट. मग एक सोडून पुढचा.

"जेवलीस का गं?" काकूंनी विचारलं.

लेक काही बोलली नाही. तिसरा नट.

"अगं, डबा उरलाय. सकाळपासून काही पोटात आहे की नाही?"

चौथा, पाचवा. मग पुन्हा पहिल्यापासून. शेजारच्या गाडीचा भोंगा वाजला, कुणीतरी तिला बाजूला सरक म्हणून ओरडलं, तिने मानही वळवली नाही. जीभ दातांत धरलेली होती.

"कानात बोळे घातलेत की काय हिने? अहो, तुम्ही तरी विचारा!"

दोनचापट्यांनी बायकोला हातानेच थांब म्हटलं.

शेवटचा नट झाला. लेकीने पाना खाली ठेवला आणि टायरला दोन चापट्या मारल्या. हात आता लहान नव्हता. पलीकडच्या रांगेतला एक माणूस वळून बघायला लागला.

"नाही गं आई," लेक म्हणाली, "सकाळी एक केळं खाल्लं तेवढंच. जाम भूक लागलीये. काय आहे डब्यात?"

काकूंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "आता दोघं झाले," म्हणाल्या आणि डबा सोडायला बसल्या.

दोनचापटे गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले. तिकडची दोन चाकं आवळायची होती खरी, पण पाना लेकीच्या हातात होता, त्यामुळे त्यांना तिथे काहीच काम नव्हतं.